तुझ्या वर्गातला व

शैला, आज मंगळवारचा वर्ग मी घेतला. हॉलची किल्ली विनायकने परवा माझ्या हातात ठेवली. "रेवतीताई, ही आता तुमच्याकडेच असू दे," म्हणाला, आणि मी बावळटासारखी "बरं" म्हणून मोकळी झाले. नवरा तुझा, हॉल तुझा, वर्ग तुझा, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तुला जाऊन एकोणीस दिवस झाले, पण निरोप देऊन चारच. इकडे इंग्लंडात माणूस गेलं की क्रिमेटोरियमची वेळ मिळेपर्यंत घरातल्यांनी नुसतं बसून राहायचं. ना धड सुतक, ना धड रोजचं काम. त्या पंधरा दिवसांत विनायकने फ्रिज किती वेळा पुसला असेल, त्याचं त्यालाच माहीत. मी भाजी घेऊन गेले की तो फ्रिजचं दार उघडून उभा राहायचा आणि कुठे काय ठेवायचं ते त्याला कळायचं नाही.

निखिलचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मी कपडे वाळत घालत होते. तुझा हा मुलगा दोन वर्षांचा असताना इथे आला. बेसिंगस्टोकमध्ये वाढला, आणि अजून तिथेच राहतो. मराठी बोलायची हौस दांडगी, पण स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा सगळा सावळागोंधळ. "रेवतीमावशी, आई गेला," म्हणाला. "गेली रे, गेली," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं बघ. मेली आयुष्यभराची खोड! पण या वेळी गिळलं. त्याच्याशी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर उरलेले कपडेही वाळत घातले, नीट चिमटे लावून. रडू दुसऱ्या दिवशी आलं.

ही गिळायची अक्कल मला जरा लवकर आली असती तर आज हे लिहायला बसले नसते. पण पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते. कारण आज वर्गात मला असं काही कळलं की जे तुलाही माहीत नव्हतं.

आपली ओळख झाली ती मंडळाच्या हळदीकुंकवाला. तिळगूळ देता देता तू विचारलंस, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, हॉस्पिटलात ऑडिओलॉजीत आहे, लोकांचे कान तपासते. तू माझा हातच धरलास. "मला कान हवाय," म्हणालीस. मला वाटलं बाईला ऐकू कमी येतं. मग कळलं, न्यू मॉल्डनला एका चर्चच्या हॉलमध्ये तू कोरियन बायकांना इंग्लिश बोलायला शिकवतेस, आणि त्यांचं नेमकं कुठे चुकतंय ते ऐकून सांगणारं कुणीतरी तुला पाहिजे होतं. माझी मंगळवारी सुट्टी असते हे मी बोलून गेले आणि फसले. पुढच्या मंगळवारी साडेदहाला मी तुझ्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडत होते. तेव्हापासून सहा वर्षं. 'तुम्ही' दुसऱ्या आठवड्यातच गेलं. तिसऱ्या आठवड्यात तू मला वऱ्हाडी तोफ म्हणायला लागलीस. नागपूर वऱ्हाडात येत नाही हे तुला मी किमान शंभरदा सांगितलं असेल. तू साताऱ्याची, तुला काय फरक पडणार!

तुझी ती पहिली तासिका मी कशी विसरेन? समोर सात बायका, वह्या उघडून, पाठ ताठ. तू त्यांना इंग्लिश शिकवायला उभी आणि फळ्यावर काय लिहिलंस, तर क ख ग घ ङ! मी मनात म्हटलं, बाप्पा, कुणाच्या वर्गात आले मी? तू मात्र शांतपणे एकेक ओळ लिहिलीस आणि स्वतःच्या गळ्याला, टाळूला, दातांना, ओठांना बोट लावून दाखवलंस. ही ओळ इथली, ही इथली. तेवढ्यात यंगसुक उठली. हॉटेलात भाज्या चिरणारी, पन्नाशीची, एरवी कधी एक शब्द न बोलणारी. तिने मार्कर घेतला आणि शेजारी त्यांची अक्षरं काढली. तीही तशीच निघाली, जीभ कुठे टेकते ते बघून आखलेली. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. तू माझ्याकडे असं काही बघितलंस की जणू ती लिपी तूच शोधून काढली होतीस.

माझा कान मग कामाला लागला. किती सुंदर चुका होत्या गं त्या! प त्यांच्याकडे तीन तऱ्हेचा, पण दात टेकवून म्हणायचा इंग्लिश एफ एकही नाही, म्हणून कॉफीची 'खॉपी'. शब्दाच्या शेवटी तुटक व्यंजन सोडवत नाही, म्हणून लंचचं 'लंची'. दोन व्यंजनं शेजारी बसली की मध्ये एक पाहुणा आणून बसवायचा, ओठ न हलवता म्हटलेला अर्धवट उ, म्हणून स्ट्रीटचं झालं 'सुथुरिथु'. ओन्लीचं 'ओल्ली'. आणि दर मंगळवारी सकाळी दारातून आत येताना सातही जणी वाकून म्हणायच्या, "गुन मॉर्निंग."

ते 'गुन मॉर्निंग' मी चुकांच्या यादीत पहिलं लिहिलं होतं. तू यादी वाचलीस आणि खुर्चीतच बसलीस. "अगं रेवती, ही चूक नाही. हा संधी आहे! जगत् अधिक नाथ काय होतं? जगन्नाथ. वाक् अधिक मय? वाङ्मय. पुढे अनुनासिक आलं की मागचा मऊ होतो. आपण नववीत रडत रडत पाठ केलं, आणि या बायका झोपेतसुद्धा करतात!" पुढचा अर्धा तास तू त्यांना जगन्नाथ शिकवलास. इंग्लिशच्या वर्गात! त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्या दिवसापासून त्यांची मान वर झाली. आपल्या जिभेत काही खोट नाही, दुसऱ्या नियमाने चालते एवढंच, हे त्यांना कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं. मी कान तपासणारी. कुणाला किती ऐकू येत नाही ते कागदावर उतरवून हातात देणारी. तुझ्याकडून मी हे शिकले, आणि तुला कधी सांगितलं नाही.

आपलं खरं भांडण उच्चारांचं नव्हतंच, नाही का? ते होतं तुझ्या हट्टाचं. मी म्हणायची, समोरच्याला कळलं की झालं, खॉपी म्हटली तरी कॉफीच मिळते. तू एकदम कडक व्हायचीस. "मिळते, पण बरोबर ती नजरही मिळते," म्हणायचीस. ही नजर कुठली ते तू मला एकदाच सांगितलंस, वर्गानंतर कप विसळताना. साताऱ्याला सहा वर्षं तू शाळेत इंग्लिश शिकवलेलं. इथे आलीस, निखिल तापाने फणफणलेला, विनायक ब्रॅकनेलला ऑफिसात. तू सर्जरीला, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्याला, फोन लावलास, मनात वाक्य जुळवून, व्याकरण चोख. पलीकडची बाई म्हणाली, घरात इंग्लिश बोलणारं दुसरं कुणी आहे का? तू फोन ठेवून दिलास आणि पोराला खांद्यावर टाकून चालत गेलीस. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगताना तू एकच कप तीनदा विसळलास. म्हणून हा वर्ग. या बायकांना तसा फोन ठेवावा लागू नये म्हणून.

हे मला माहीत होतं. लक्षात घे शैला, मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी मी ते बोलले.

आता व. कोरियनमध्ये दातांचा व नाही. म्हणून त्यांचं 'बेरी गुड', 'बॅन', 'सेबन'. माझं नाव रेवती, त्यांच्या तोंडी 'लेबाती'. तू छोटे आरसे वाटलेस. खालचा ओठ, वरचे दात, हळूच टेकवा आणि आवाज सोडा. तीन आठवडे सगळा वर्ग माश्यांसारखा गुणगुणत होता. चौथ्या आठवड्यात यंगसुक माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रे-व-ती." अगदी आमच्या नागपूरच्या घरात म्हणतात तसं. मला भरून आलं, आणि तू टाळ्या वाजवल्यास.

पण तो व आपला होता. तुझा आणि माझा, मराठी व. इंग्लिशमध्ये व दोन आहेत. एक व्हीचा, दात टेकवून म्हणायचा, दुसरा डब्ल्यूचा, दात न लावता, ओठांचा चंबू करून. व्हॅनचा वेगळा, विंडोचा वेगळा. आपण दोन्हींना एकाच अक्षरात कोंबतो, आणि आपल्या कानालाही ते एकच वाटतं. एफच्या बाबतीत तू किती जपायचीस, आपला फळातला फ वेगळा म्हणून. व मात्र तुझ्या नजरेतून सुटला. तू विंडो, वॉटर, वुमन सगळ्यांना तोच व लावून शिकवत गेलीस. गंमत अशी की चंबूवाला व त्यांना येत होता! त्यांच्या भाषेत आहे तो. आल्या तेव्हा वॉटर उत्तम म्हणायच्या. वर्षभरात सगळ्यांचं वॉटर साताऱ्याचं झालं.

माझ्या कानावर ते पहिल्यांदा पडलं तेव्हाच मला कळलं होतं. माझा धंदाच तो. का नाही सांगितलं? पहिल्यांदा वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग वाटलं, इतके दिवस का नाही सांगितलंस असं विचारशील. मग तुझ्या फोनची ती गोष्ट ऐकली आणि तोंडच उघडेना. दर मंगळवारी ते ऐकायचं आणि गप्प बसायचं. पुढे पुढे तुझाच राग यायला लागला. न सांगितलेल्या गोष्टीचा राग कसा साठत जातो, तुला माहितीये.

मागच्या सप्टेंबरात यंगसुक परीक्षेत नापास झाली. इथे कायमचं राहायची परवानगी हवी तर बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. मुलगी इथे, नातू इथे, आणि ही मात्र अधांतरी. मंगळवारी आली ती नासपतींची पेटी घेऊन. मोठमोठी, एकेक फळ वेगळं गुंडाळलेलं. तुझ्यासमोर कमरेत वाकली आणि म्हणाली, "सनसेंगनिम, सॉरी." तुला त्या हीच हाक मारायच्या, त्यांच्या भाषेतलं बाई. नापास ती झाली होती, आणि माफी तुझी मागत होती. तू पांढरी पडलीस. माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "माझं काय चुकलं गं?"

आणि मी सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर. मराठीत होतं म्हणून मला वाटलं, आपल्या दोघींतच राहील. "तुझा व चुकलाय, शैला. तुला डब्ल्यू येत नाही. यांना येत होता, तो तू बिघडवलास. इंग्लिश शिकवायला बसलीस आणि मराठी शिकवून ठेवलंस." अजूनही काही बोलले. डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू. साठलं होतं ना सगळं.

तू एवढंच विचारलंस, "कधीपासून ऐकू येतंय तुला?"

"पहिल्यापासून."

"आणि आज सांगतेस."

मग तू नासपती कापल्यास, सगळ्यांना फोडी दिल्यास, मलाही दिलीस. कप विसळलेस आणि बसने घरी गेलीस. एरवी मी तुला गाडीतून सोडायची.

मला वाटलं, चार दिवस फुगून बसशील, मग फोन करून चांगली हजेरी घेशील. तू फुगली असतीस तर बरं झालं असतं. पुढच्या मंगळवारी तू वेळेवर आलीस, हसलीस, आणि मार्कर स्वतःकडे ठेवून म्हणालीस, "रेवती, उच्चार आजपासून तू घे. मी फळ्यावर लिहीत जाईन." आणि पाच महिने तू फक्त लिहिलंस. सुंदर वळणदार अक्षरात. वर्गात इंग्लिशचा एक शब्द मोठ्याने बोलली नाहीस. मी चंबूवाला व शिकवायची, आरसे, मेणबत्ती, सगळे उद्योग केले, आणि त्या बायका हट्टाने तुझाच व म्हणायच्या. मी वैतागायची, "यांची सवयच मोडेना!" तू फळ्याकडे तोंड करून उभी असायचीस. आज त्या पाच महिन्यांचा विचार करते तेव्हा मला तुझी पाठच दिसते. दर मंगळवारी तुला काय ऐकू येत असेल? आपण केलेलं नुकसान, सात तोंडांतून, पुन्हा पुन्हा.

माफी मागायची होती गं. खरंच. पण माझं म्हणणं बरोबर होतं ना, तीच तर अडचण होती! बरोबर बोलल्याची माफी कशी मागायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणायची, वेळ बघून सांगू, बोलले ते खरं पण बोलले तसं बोलायला नको होतं, असं काहीतरी. मग फेब्रुवारीत तुझं पोट दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं ते स्वादुपिंडाचं आणि पुढे गेलेलं. सात आठवडे. सात आठवड्यांत मी रोज तुझ्यासाठी भात आणि मेतकूट आणलं, आणि ते एक वाक्य काही आणलं नाही.

हॉस्पिसमधली ती शेवटची दुपार. तुझ्या उशाशी वर्गातला छोटा आरसा होता. मला वाटलं, चेहरा किती उतरलाय ते बघतेस. तू म्हणालीस, "बस. ऐक हं." आणि ओठांचा चंबू केलास. ओठ सुकलेले, नीट जुळेनात. "विंडो," म्हणालीस. "वॉटर. वुई वेअर वेटिंग." सगळी ताकद लावून. नर्सशी बोलताना सराव करत होतीस म्हणे. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "आलं का?"

एवढी पोरकट आशा होती गं तुझ्या चेहऱ्यावर. आणि मी काय म्हटलं? "नाही. अजून दात लागतोय."

तू हसलीस. "खडूस," म्हणालीस. "बरं, उद्या परत बघू." दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतीस, त्यानंतरही नाही. 'आलं' म्हणायला माझं काय जात होतं? कुठली परीक्षा घेत होते मी? कानाच्या प्रामाणिकपणाची एवढी घमेंड! मी घरी येऊन जेवले देखील त्या दिवशी.

आज वर्गात सगळ्या आल्या. क्रिमेटोरियमला आल्या होत्या तशाच काळ्या कपड्यांत. तिथे तुझ्यापुढे त्या जमिनीपर्यंत वाकल्या होत्या, आणि आपली मंडळाची मंडळी बघत राहिली होती. यंगसुकची परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे, पुन्हा. म्हणून मी ठरवून गेले होते: आज काही झालं तरी तिचा डब्ल्यू सुधारायचा. शैलाने बिघडवलं म्हणून कुणी म्हणायला नको. आरसा तिच्या हातात दिला. "यंगसुक, वॉटर."

तिने आरसा टेबलावर पालथा ठेवला. "रेवती-टीचर," म्हणाली, "धिस आय नो." आणि म्हणाली. वॉटर. विंडो. वुई वेअर वेटिंग फॉर यू. दात कुठेच नाही, ओठ गोल, स्वच्छ. माझ्या कानाला नाव ठेवायला जागा नव्हती. कुठल्याही सर्जरीला फोन कर, बाई, कुणी तुला काही विचारणार नाही.

मी म्हटलं, "हे कधी आलं?"

"ऑल्वेज," म्हणाली. मग थांबत थांबत सांगितलं. वर्गात बाईंचा डब्ल्यू, बाहेर बाहेरचा. दुकानात, बसमध्ये, हॉटेलात त्या बाहेरचा म्हणतात. बाई वेगळा म्हणतात हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. सगळ्यांना. त्यांच्या घरी टीव्ही आहे, नातवंडं शाळेत जातात, न कळायला काय झालं! पण बाई समोर उभ्या राहून एवढ्या जिवाने शिकवतात, तर त्यांच्यासमोर त्यांच्याहून वेगळं म्हणायचं नाही. त्यांच्याकडे असं करत नाहीत. बाकीच्या सहा जणी खाली मान घालून बसल्या होत्या. मी एकेकीला विचारलं. एकेकीने मान डोलावली.

"आणि परीक्षा?" मी विचारलं. "नापास कशी झालीस मग?"

तिने पर्समधून कागद काढला. घडीवर घडी घातलेला, इतके महिने कुणाला न दाखवलेला. परीक्षकांचा शेरा होता. उच्चारांबद्दल एक अक्षर नाही. उमेदवाराने स्वतःहून एकही प्रश्न विचारला नाही, बहुतेक वेळ गप्प बसली, असं लिहिलेलं. समोर वयाने मोठी बाई होती, ती बोलत असताना मध्ये कसं बोलायचं, म्हणून ही तिचं संपायची वाट बघत बसली. आणि वेळ संपली.

मी खुर्चीत बसले. मला त्या दिवसाबद्दल विचारायचं होतं, नासपतीच्या, पण धीर होईना. तिनेच विषय काढला. "दॅट डे यू से डब्ल्यू, डब्ल्यू, मेनी टाइम्स. वुई अंडरस्टँड." भाषा कळली नव्हती, बाकी सगळं कळलं होतं. तुला कसं सांगायचं यावर त्यांनी आपसांत खूप विचार केला म्हणे. पण सांगायचं म्हणजे आम्हाला आधीपासून माहीत होतं हे सांगायचं, आणि त्याने तुला जास्तच लागलं असतं. म्हणून त्यांनी ठरवलं, रेवती-टीचर कितीही शिकवू दे, वर्गात बाईंचाच म्हणायचा. म्हणजे बाईंना कळेल की आम्ही तुमच्या आहोत. पाच महिने त्या माझ्याविरुद्ध तुझी बाजू लढवत होत्या, शैला, आणि तुला वाटत होतं त्यांना सुधारता येत नाहीये. मला तर काहीच वाटत नव्हतं. मी आरसे पुसत होते.

सहा वर्षं त्या खोलीत आम्हा सगळ्यांना तुझा व ऐकू येत होता. त्या सात जणींना, मला. माझ्याच कानाला कळतं म्हणून मी काय तोरा मिरवला! त्यांनी ऐकलं आणि जपलं.

मग यंगसुकने विचारलं. अगदी साधेपणाने, वही उघडून, काम सुरू करायचं म्हणून. "टीचर, नाऊ सनसेंगनिम नॉट हिअर. इन क्लास, विच डब्ल्यू?"

सातही जणी माझ्याकडे बघत होत्या. मी फळ्याकडे वळले, मार्कर उचलला, टोपण काढलं आणि परत लावलं. त्यांच्याकडे वळून म्हटलं, "शैला-टीचर'स." आणि मग मी त्यांच्यासमोर रडले, अगदी हुंदके देऊन, आणि इंग्लिशमध्ये नाही, मराठीत म्हणत राहिले, मी चुकले गं, मी चुकले, मी चुकले. त्या सातही जणी शांत ऐकत बसल्या. त्यांच्यातल्या एकीलाही शब्द कळत नव्हते. जिला कळले असते ती पाच महिने याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर उभी होती.